मजुरी रुपयात मोजा! क्रिप्टोतलं बलुतं आम्हाला नको



आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक चित्र फिरतं. बाबासाहेबांच्या हातात 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ, बाजूला बिटकॉइनचं सोनेरी चिन्ह, आणि खाली मजकूर असा की बाबासाहेब आज असते तर क्रिप्टोच्याच बाजूने उभे राहिले असते. बँका त्यांच्या, सरकार त्यांचं, मग आपण आपला पैसा वेगळा का करू नये?

खोटं कशाला बोला, ते चित्र पुढे पाठवणाऱ्यांत आम्हीही होतो. आज त्याच्या विरोधात लिहितो आहोत, कारण मधल्या काळात आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने तिच्या घामाचा पैसा क्रिप्टोत घेतला. तो तिच्या हाती आजपर्यंत लागलेला नाही. त्यात चूक आमचीही आहे आणि ती आधी कबूल करतो.

उत्तर नागपुरात आम्ही एक छोटी अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षेची मुलं, नर्सिंगच्या मुली, दोन-चार पदवीधर बेरोजगार. मागच्या पावसाळ्यात ओळखीतून एक काम आलं. परदेशी कंपनीसाठी मराठी बोलणं ऐकायचं आणि ते जसंच्या तसं टाइप करायचं. मोबदला डॉलरमध्ये. आम्ही पाच जणांना कामाला लावलं. वस्तीतल्या मुलांना घरबसल्या डॉलर मिळणार याचा आनंद एवढा की कोणत्या रस्त्याने मिळणार, हे विचारायचं राहूनच गेलं. महिनाभर काम झालं. या मुलीच्या वाट्याला १८० डॉलर आले, म्हणजे साधारण पंधरा हजार रुपये. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, वडील हमाली करतात. या घरात पंधरा हजार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

बिल पाठवल्यावर कंपनीचा मेल आला: पैसे यूएसडीटीत मिळतील, वॉलेटचा पत्ता पाठवा.

इथून पुढे काय घडलं ते बारकाईने सांगतो, कारण यूट्यूबवरचे क्रिप्टो-गुरू हे सांगत नाहीत.

तिने मोबाईलवर वॉलेट उघडलं. पहिल्याच पडद्यावर बारा इंग्रजी शब्द आले आणि खाली सूचना: हे लिहून ठेवा, हरवले तर तुमचा पैसा कायमचा गेला, जगात कोणीही परत मिळवून देऊ शकणार नाही. पासबुक हरवलं तर बँक नवीन देते. इथे मात्र वहीचं एक पान भिजलं की मजुरी गेली. तिने पत्ता कॉपी करून पाठवला. दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, पैसे पाठवले, ही व्यवहाराची लिंक. लिंक उघडली तर व्यवहार यशस्वी. वॉलेट उघडलं तर शून्य.

दोन दिवस त्या मुलीला झोप नव्हती. मग कळलं की यूएसडीटी हे एक नाणं असलं तरी ते वेगवेगळ्या नेटवर्कवरून धावतं. ईआरसी-२० वेगळं, बीईपी-२० वेगळं, टीआरसी-२० वेगळं. कंपनीने बीईपी-२० वर पाठवलं होतं आणि हिच्या वॉलेटमध्ये ते नेटवर्क सुरूच नव्हतं. सुरू केल्यावर १८० दिसू लागले. दिसले, पण हलवता येईनात. कारण या नेटवर्कवर पैसे पुढे पाठवायचे तर त्याचं शुल्क यूएसडीटीत कापत नाहीत, ते बीएनबी नावाच्या वेगळ्याच नाण्यात भरावं लागतं. म्हणजे स्वतःची मजुरी घरी आणायला आधी दुसरं नाणं विकत घ्या! ते घ्यायला एक्स्चेंजवर खातं हवं. खात्याला केवायसी हवी. आणि आपल्या पोरांची केवायसी म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. वडिलांनी राजपत्रात आडनाव बदललेलं, आधारवर नवं, जातीच्या दाखल्यावर जुनं. तीन वेळा अर्ज फेटाळला गेला.

शेवटी हे सगळं पार पडलं. आता यूएसडीटी विकून रुपये करायचे. कोणीतरी सल्ला दिला की 'पी-टू-पी'वर थेट माणसाला विक, बँकेच्या दरापेक्षा डॉलरमागे दोन-तीन रुपये जास्त मिळतात. तिने विकलं. पैसे खात्यात आले. पाठवणाऱ्या बँक खात्यावरचं नाव आणि विकत घेणाऱ्याचं नाव वेगवेगळं होतं, याकडे तिचं लक्ष गेलं नाही. आमचंही नाही. त्या संध्याकाळी अभ्यासिकेत समोसे आले.

सोळाव्या दिवशी तिचं बँक खातं गोठलं. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, परराज्यातल्या सायबर सेलकडून आलंय, आमच्या हातात काही नाही, तिकडे बोला. झालं होतं असं: कुठल्या तरी राज्यात कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली, त्याने १९३० वर तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलीस खात्यामागून खातं गोठवत गेले आणि त्या साखळीत हिचं खातं आलं. फसवणुकीचा पैसा कोणीतरी यूएसडीटी विकत घेऊन धुऊन टाकला होता. आणि ज्या खात्यात हा पैसा आला, त्याच खात्यात तिच्या शिष्यवृत्तीचा हप्ता पडला होता. पंधरा हजारांच्या वादात सगळंच खातं बंद. मेसचे पैसे त्यातच, परीक्षेची फी त्यातच.

सात आठवडे आम्ही मेल लिहिले, फोन केले, स्क्रीनशॉट जोडले. परीक्षेची फी विहारात वर्गणी काढून भरली. सात आठवड्यांनी खातं सुरू झालं, पण वादातली रक्कम अजूनही रोखलेली आहे. म्हणजे महिनाभराचं काम झालं, कंपनीच्या वहीत मोबदला चुकता झाला आणि कामगाराच्या हातात एक रुपया नाही. आम्ही कंपनीला हे कळवलं तेव्हा त्यांनी पुन्हा तीच लिंक पाठवली. व्यवहार यशस्वी!

मित्रांनो, मुद्दा इथे आहे. व्यवहार यशस्वी झाला तो कोणासाठी? देणाऱ्याने एक बटण दाबलं आणि तो मोकळा झाला. त्यानंतरची जोखीम, म्हणजे नेटवर्क, शुल्क, केवायसी, दर, कर, चोर आणि पोलीस, ही सगळी घेणाऱ्याच्या डोक्यावर आली. उलरिख बेक या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९८६ सालीच मांडून ठेवलं आहे की संपत्ती वरच्या बाजूला साचते आणि धोके खालच्या बाजूला. एमएच्या वर्गात आम्ही हे परीक्षेपुरतं लिहिलं होतं. ते कळलं बँकेच्या काउंटरवर.

पण हे कळायला जर्मनीला जायची तरी काय गरज? आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा. वतनदार महाराला गावाने मोबदला कशात दिला? बलुत्यात. खळ्यावरची पेंढी, उरलंसुरलं धान्य, शिळी भाकर. काम ठरलेलं, चोवीस तासांचं. मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीचा. कधी द्यायचा, कशात द्यायचा आणि किती मोजायचा, हे तोच ठरवणार. कमी पडलं तर दाद कोणाकडे मागायची? ज्याने कमी दिलं त्याच्याचकडे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. त्यात एक तरतूद अशी होती की बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करावं आणि ती रक्कम शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी. ही तरतूद नीट समजून घ्या. बाबासाहेब केवळ मोबदला वाढवून मागत नव्हते. तो रोख असावा, मोजता येणारा असावा आणि देणाऱ्याच्या मर्जीतून बाहेर काढलेला असावा, ही त्यांची मागणी होती. तेव्हा ते बिल मंजूर झालं नाही. महार वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. पण मागणीतलं तत्त्व आजही जिवंत आहे: मोबदला कशात द्यायचा हे देणारा एकटा ठरवत असेल, तर तो मोबदला नाही, बलुतं आहे.

हे तत्त्व फक्त आपलं नाही. इंग्लंडमध्ये मालक मजुरांना मालाच्या रूपात पगार देत आणि आपल्याच दुकानातून चढ्या भावाने माल घ्यायला लावत. त्याविरुद्ध १८३१ साली कायदा करावा लागला. आसामच्या चहामळ्यांत मजुरांना धातूचे बिल्ले दिले जात आणि ते मळ्याच्या हद्दीबाहेर कवडीमोल असत. म्हणूनच भारताच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की वेतन चलनी नाण्यांत किंवा नोटांत द्यावं. पुढे त्यात धनादेश आणि बँक खातं आलं. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. शंभर वर्षांच्या लढ्यातून कामगाराने हा हक्क मिळवला. आणि आज आपण तो 'फ्रीलान्सर' या एका शब्दापायी सोडून देतो. कारण फ्रीलान्सर कामगार नसतो, त्याला वेतन नसतं आणि त्यामुळे वेतनाचा कायदाही नसतो!

आता त्या चित्राकडे वळू. बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रकाशित झाला. रुपया सरकारच्या मर्जीने कमी-जास्त छापला जाऊ नये, त्याला पक्की मर्यादा असावी, हा त्यांचा आग्रह होता. बिटकॉइनची संख्याही २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे. एवढ्या साम्यावर आपले मित्र उडी मारतात. पण मर्यादा कशासाठी, हे पुस्तकात आहे. रुपयाची खरेदी करण्याची ताकद टिकावी, यासाठी. चलन किती, हे साधन होतं. साध्य होतं ते स्थिर मोल.

रुपया चांदीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चांदी घसरत गेली, तसा दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. निर्यातदार खूश होते. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की हा नफा परदेशातून येत नव्हता. महागाई वाढली पण मजुरी त्या वेगाने वाढली नाही, म्हणून मजुराच्या ताटातलं व्यापाऱ्याच्या तिजोरीत गेलं. अस्थिर चलनाची किंमत कोण मोजतो, हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न बिटकॉइनला विचारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास असलेलं बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांवर आलं. ज्याच्याकडे चार फ्लॅट आहेत तो थांबतो, भाव चढायची वाट पाहतो. ज्याला एक तारखेला खोलीभाडं द्यायचं आहे, तो पडत्या भावाने विकतो. गरिबाला थांबता येत नाही, हेच तर त्याचं गरीब असणं!

कोणी म्हणेल, यूएसडीटी तर डॉलरला बांधलेलं आहे, त्याचा भाव कुठे हलतो? बांधलंय कोणी? एका खासगी कंपनीने. मे २०२२ मध्ये टेराचं यूएसटी हे असंच डॉलरला 'बांधलेलं' नाणं काही दिवसांत मातीमोल झालं. आणि आमच्या मुलीच्या बाबतीत तर भाव हललाच नव्हता. तरी पैसे गेलेच ना?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बँका तरी आपल्या कुठे आहेत? किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापणाऱ्या बँका, कर्जाच्या अर्जावर आडनाव वाचून चेहरा बदलणारे साहेब, एका रात्रीत नोटा रद्द करून आपल्या आयाबायांना रांगेत उभं करणारं २०१६ चं सरकार. हे सगळं खरं आहे आणि त्यातला एक शब्दही आम्ही मागे घेत नाही. पण बँकेशी भांडता येतं. तिला पत्ता आहे, मॅनेजर आहे, वर लोकपाल आहे, रिझर्व्ह बँक आहे, मोर्चा न्यायला दार आहे. ब्लॉकचेनवर मोर्चा कुठे न्यायचा? वझीरएक्सवर जुलै २०२४ मध्ये दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. मध्यस्थ नको म्हणून ज्या वाटेवर गेलो, त्या वाटेवर एक्स्चेंज नावाचा मध्यस्थ उभाच आहे. फरक एवढाच की बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, इथे नाही. अन्यायी संस्था बदलायची असते. तिला सोडून जंगलात गेल्याने ती बदलत नाही, आपण मात्र एकटे पडतो.

तिसरा आक्षेप: जगात अनेकांना क्रिप्टोनेच वाचवलं. असेलही. अर्जेंटिनात २०२३ साली महागाई दोनशे टक्क्यांच्या वर गेली. तिथल्या मजुराने पगार डिजिटल डॉलरमध्ये घेतला तर त्याला आम्ही नावं ठेवणार नाही, त्याचं घर जळत होतं. पण ज्या देशाने हे प्रकरण कायद्याने लोकांवर लादलं, त्या एल साल्वादोरकडेही पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं, लोकांना वॉलेटमध्ये ३० डॉलर फुकट दिले. बहुतेकांनी ते खर्च केले आणि ॲप पुन्हा उघडलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढावी लागली. लोकांनी मोर्चे काढले, पण त्याहून मोठा निकाल त्यांनी भाजीच्या दुकानात दिला.

आणि आपल्या देशातला कर? १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. तुमचं उत्पन्न करमर्यादेच्या खाली असलं तरी यात सूट नाही. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातूनही वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो परत हवा तर विवरणपत्र भरा. वर, क्रिप्टोत आलेली मजुरी ही आधी मजुरी म्हणूनच उत्पन्नात धरायची. हमालाच्या मुलीने हे सगळं कोणत्या सीएकडून करून घ्यायचं आणि त्याची फी कोणत्या नाण्यात द्यायची?

म्हणून आम्ही आमच्या अभ्यासिकेत काही नियम भिंतीवर लावले आहेत. तुम्हीही लावा.

१. काम घेण्याआधी विचारा: पैसे कशात, कोणत्या मार्गाने, किती दिवसांत? उत्तर लेखी घ्या. आंतरराष्ट्रीय कंपनीला बँकेमार्फत किंवा मान्यताप्राप्त पेमेंट सेवेमार्फत पैसे पाठवता येतात. शुल्क लागतं हे खरं. ते कोण भरणार, हेही आधीच ठरवा. छोट्या रकमा असतील तर पाच-सहा जणांनी मिळून मागणी करा. एकट्याला नाही म्हणणारी कंपनी सहा जणांचं ऐकते.

२. शिष्यवृत्तीचं खातं हे शिष्यवृत्तीचंच. त्यात बाहेरचा कुठलाही ऑनलाइन व्यवहार नको.

३. क्रिप्टो हाती आलंच असेल तर अनोळखी माणसाला पी-टू-पीवर विकू नका. दोन रुपये जास्त मिळतात, कारण दोन रुपयांत तो आपली बला तुमच्या गळ्यात बांधतो. सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर, एक्स्चेंजच्याच बाजारात विका. नेटवर्कचं नाव दोन्ही बाजूंनी तपासा, आधी पाच डॉलर मागवून पाहा, सगळे पुरावे जपून ठेवा.

४. ते बारा शब्द कोणालाही सांगू नका. 'पैसे काढायला आधी शुल्क भरा' म्हणणारा चोर असतो.

५. कमिशनवर बँक खातं वापरायला देणं हा गुन्हा आहे. आपल्या वस्त्यांमध्ये दोन-पाच हजारांसाठी पोरं खाती देत आहेत. खऱ्या टोळीतला माणूस सापडत नाही. सापडतो तो खातेदार, म्हणजे आपला पोरगा.

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. आमच्या अभ्यासिकेतली मुलं संगणक शिकतात, कोड लिहितात. ब्लॉकचेनही शिकावं, त्यातली नोकरी मिळाली तर जरूर करावी आणि पगार बँक खात्यात घ्यावा! सावकाराचा मुलगा क्रिप्टो खेळतो तो वरकड पैशाने. आपण खेळायचं ते कशाने? आईच्या मंगळसूत्राने?

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाची परीक्षा देते आहे. परवा तिला आणखी एक काम आलं, पुन्हा परदेशी, पुन्हा डॉलर. तिने पहिल्याच मेलमध्ये लिहिलं की मोबदला फक्त बँक खात्यात, शुल्क तुमच्याकडे. तीन दिवस उत्तर नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी बँकेचे तपशील मागवले. या वेळी तिने दुसरं खातं दिलं.

मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला नव्याने शिकायचं नाही. फक्त आता काय मागायचं ते नीट ठरवा. घाम आमचा असेल तर मोजमापही आम्हाला कळेल असं हवं, आणि पैसा असा हवा जो संध्याकाळी किराणा दुकानात चालतो.

जय भीम!